दोनशे बारा टाचण्या

तिसऱ्यांदा मोजलं तेव्हाही अडतीसच आले.

पहिल्या वेळी वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी वाटलं, वरची एखादी रांग राहिली असेल. म्हणून तिसऱ्या वेळी प्रत्येक झुबक्याशेजारी लाल टोकाची एक काडी खोचत गेले, मग त्या काड्या गोळा करताना एकेक मोठ्याने मोजली, आणि शेवटची काडी हातात धरून म्हणाले, "अडतीस."

खाणीच्या चौकीतून चौकीदार मामांनी आवाज दिला, "काही हवंय का, बाई?"

"नाही मामा. मोजतेय."

"सकाळपासून तेच ना?"

तेच. आणि मांडीवरच्या वहीत, गेल्या वर्षीच्या पानावर, माझ्याच अक्षरात, शाईने लिहिलं होतं: दोनशे बारा.

मी एका छोट्या कार्यालयात काम करते. शहराच्या आसपास जी झाडं फार थोडी उरली आहेत त्यांची नोंद ठेवणं हे आमचं काम. दोन खोल्या, एक साहेब, एक नकाशे काढणारा, आणि मी. वर्षातून एकदा त्या त्या जागी जायचं, झाडं मोजायची, आकडा वहीत शाईने लिहायचा. शाईनेच. साहेबांचा तो पहिला नियम. पेन्सिलीने लिहिलेलं ते नोंद मानत नाहीत, निरोप मानतात.

बंद पडलेल्या दगडखाणीमागच्या या उतारावर जांभळा खुळखुळा येतो. वाटाण्या-घेवड्याच्या कुळातलं झाड, गुडघ्याएवढं. झाड कसलं, झुडूपही नाही. कडक उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून नाहीसं होतं, जमिनीखाली मूळ तेवढं जिवंत राहतं, आणि दरवर्षी त्याच मुळातून नवे कोंब वर येतात. फूल वाटाण्याच्या फुलासारखंच, पण गडद जांभळं, आणि त्याच्या दोन पाकळ्या खाली अशा घट्ट मिटलेल्या की हलकी माशी बसली तर उघडत नाहीत. मोठा काळा भुंगा लागतो. तो धप्पकन बसला की त्याच्या वजनाने फूल उघडतं. शेंग फुगीर होते, वाळली की आत दाणे सुटे होऊन वाजतात, म्हणून नाव खुळखुळा. त्याला सावली चालत नाही, खोल माती चालत नाही. खडकावर दोन बोटं माती, दिवसभर ऊन, आणि मामांच्या दोन शेळ्यांनी उंच गवत खाऊन मोकळी ठेवलेली जागा, एवढं मिळालं की ते खूश. आमच्या माहितीत ते याच एका उतारावर आहे.

माझ्या आधी थोरल्या बाई मोजायच्या. एकवीस वर्षं. त्यांच्या वहीत चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, पुन्हा एकेचाळीस. दर पानाखाली एकच शेरा: शेंगा भरपूर, दाणे पोचट. त्या निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा मी एकटीने मोजणी केली. एकेचाळीसचे दोनशे बारा झाले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर खुळखुळ्याचा फोटो आला. "बाई, तुमचा पायगुण हो," साहेब म्हणाले होते. मला तेव्हा आठवा महिना होता आणि पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, त्यामुळे पायांचं कोणी कौतुक केलं याचंच मला जास्त वाटलं.

पण नियम असा आहे की शंभराच्या आत असलेल्या झाडाची जागा राखीव यादीत राहते. आकडा शंभराच्या वर गेला, की झाड सावरलं असं धरतात आणि जागा यादीतून काढतात. दोनशे बाराने तेच केलं. गेल्या महिन्यात पत्र आलं: हा उतार यादीतून कमी केला आहे, इथे पाण्याची टाकी होईल, कोणाची हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत लेखी कळवावी.

आज मंगळवार होता. या वर्षीची मोजणी कोणी मागितलीही नव्हती. जागा यादीतच नाही, तर मोजायचं कशाला? मी निव्वळ सवयीने आले होते. खरं सांगायचं तर निरोप घ्यायला आले होते.

आणि टाकी काही वाईट गोष्ट नाही. आमच्या गल्लीत पाणी सकाळी एक तास येतं. त्या एका तासात घरातली सगळी भांडी भरायची, माझ्या लेकीचे, गोटीचे कपडे धुवायचे आणि त्याच तासात नेमकी गोटी उठते. टाकी झाली की दिवसभर पाणी. मला टाकी हवी होती. मला उतारही हवा होता. अडतीस हवे होते की दोनशे बारा, तेच कळेना.

एक तर वर्षभरात पावणेदोनशे झाडं मेली होती. नाहीतर ती कधी नव्हतीच.

आणि तिसरं म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते मी काही अगदीच नाकारत नाही. गोटी झाल्यापासून माझ्या हातून काय काय होतं. मागच्या आठवड्यात झाडं वाळवायच्या कागदांच्या गठ्ठ्यात मी तिचा मोजा दाबून ठेवला होता. नकाशेवाल्याला तो सापडला. त्याने तो चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, नवीन जात दिसतेय. पान एकच, पायाच्या आकाराचं. लॅटिन नाव काय ठेवू या?"

तेव्हा मी हसले होते. आता उतारावर बसून हसू येईना.

घरी आले तेव्हा सासूबाई यंत्रावर बसल्या होत्या. त्या शिवणकाम करतात. पुढची खोली त्यांची. एका पायाने यंत्र चालू आणि दुसऱ्या पायाने पाळण्याची दोरी ओढणं चालू. गोटी पाळण्यात टक्क जागी होती, दोरीकडे बघत.

"आलीस? ही बघ तुझी लेक. तासभर झोके देतेय, पापणी मिटायला तयार नाही. तुझ्यावर गेलीय."

"आई, गेल्या वर्षीची मोजणी आठवते तुम्हाला? खाणीमागची?"

"न आठवायला काय झालं? कंबर धरली होती माझी चार दिवस."

गेल्या वर्षी मला वाकता येत नव्हतं. नवरा कामाच्या पाळीवर. सासूबाई म्हणाल्या, मी येते, तू फक्त लिही. मामांनी चौकीतली खुर्ची आणून दिली, मी पायवाटेवर छत्री धरून बसले. आणि तिथे पोहोचल्यावर कळलं की लाल काड्यांची जुडी मी कार्यालयातच विसरले. सासूबाईंनी पिशवीतून टाचण्यांच्या डब्या काढल्या. रंगीत काचेच्या डोक्यांच्या, कापड बेतताना लावतात त्या. "या खोचते. हरवायच्या नाहीत मात्र." मग त्या उतारावर वाकून वाकून टाचण्या खोचत गेल्या आणि प्रत्येक टाचणीला "हं" म्हणत गेल्या. त्यांनी "हं" म्हटलं की मी एक रेघ ओढायची. दोनशे बारा "हं".

"आई, टाचणी कशाला लावत होतात?"

"म्हणजे? झाडाला."

"झाडाला म्हणजे कशाला?"

त्यांनी यंत्र थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला. "काय गं, वकिलासारखी काय विचारतेस? जमिनीतून वर आलेलं जे दिसेल त्याला. एक दांडी, एक टाचणी."

"आणि एका झुबक्यात पाच-सहा दांड्या असल्या तर?"

"तर पाच-सहा टाचण्या."

"अहो आई, तो अख्खा झुबका म्हणजे एक झाड."

"मग तसं सांगायचं नाही का! सदऱ्याला सहा बटणं असली तर सहा सदरे धरू नका, असं शिकाऊ पोरीलासुद्धा आधी सांगावं लागतं. तू काय म्हणालीस? आई, दिसेल तिथे खोचा."

"असं म्हणाले मी?"

"असंच." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून, "म्हणजे मला वाटतं. नाहीतर मीच तसं धरलं असेल. तेव्हा माझंही सगळं लक्ष तुझ्या पोटाकडे होतं. छत्री धरून बसलेली, आणि मधेच एकटीच हसायचीस."

लाथा मारत होती म्हणून हसत होते. ते मला आठवतं. एक "हं", एक लाथ, एक रेघ. कोणास ठाऊक, मी लाथांच्याही रेघा ओढल्या असतील.

"टाचण्या किती लागल्या ते आठवतं?"

"दोन डब्या पुऱ्या, शंभर-शंभरच्या. आणि टाचण्यांच्या उशीत टोचलेल्या बारा. माझी एकही टाचणी हरवली नाही, परत मोजून घेतल्या होत्या मी. टोकं मात्र बोथट झाली सगळ्यांची, त्या मेल्या खडकावर. अजून रेशमाला चालत नाहीत."

म्हणजे आकडा खरा होता. टाचण्यांचा.

सगळं उलगडलं असं वाटून मला पाच मिनिटं बरं वाटलं. मग लक्षात आलं की आता हे साहेबांना सांगायचं आहे. अहवालाचं मुखपृष्ठ, चहा, पायगुण, सगळं माझ्या एका न सांगितलेल्या वाक्यावर उभं होतं. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. आणि न सांगावं तर शुक्रवार जाईल, उतारावर यंत्रं येतील, आणि ते झाड, जे कुठेच नाही, तिथेही नसेल.

"उद्या मी येते," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर दांड्या मोजून दाखवते. दोनशेच्या आसपास आल्या तर चूक माझी म्हणून सांग साहेबाला. मला काय, मी काही त्याची नोकर नाही."

बुधवारी आम्ही तिघी गेलो. मामांनी याही वर्षी खुर्ची आणली. मी नको म्हटलं तर तिच्यावर गोटीच्या दुपट्यांची पिशवी ठेवून दिली. गोटीला मी पायवाटेकडेला सतरंजीवर बसवलं. अकरा महिन्यांचं बाळ, बसवलं तिथे बसेल असं ज्याला वाटतं त्याला मूल नसावं. आमच्या दहा टाचण्या व्हायच्या आत बाईसाहेब सतरंजी ओलांडून गवतात.

आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजलं. सासूबाईंच्या दांड्या एकशे अठ्ठ्याण्णव. माझ्या दोनशे सात. मधल्या नऊ दांड्या कुठे गेल्या यावर आम्ही बराच वेळ वाद घातला.

"तू वाळक्याही धरल्यास."

"तुम्ही बारक्या सोडल्या."

"बारक्या कसल्या, ते गवत होतं गं!"

पण मुद्दा समजला होता. झाडं मेली नव्हती. झुबके अडतीस, थोरल्या बाईंच्या चाळीसच्या जवळ. दांड्या दोनशे, गेल्या वर्षीइतक्याच. मी निर्धास्त होऊन दरवर्षीप्रमाणे वाळक्या शेंगा तोडून कागदी पाकिटात भरायला लागले. खुळखुळ्याची शेंग, पण हलवली तर आवाज नाही. थोरल्या बाईंचा शेरा बरोबर होता: पोचट.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला बघ! उपटतेय!"

गोटीने एक दांडी मुठीत धरली होती आणि दात नसलेल्या हिरड्या आवळून जीव खाऊन ओढत होती. मी धावले. आणि मध्येच थांबले. गोटीच्या हातातली दांडी हलत होती ते ठीकच. पण तिच्यापासून हातभर लांबचा दुसरा झुबकाही हलत होता. ती ओढायची, तो मान डोलवायचा.

"वारा आहे का हो, आई?"

"कसला वारा! घामाने भिजलेय मी."

"गोटी, पुन्हा ओढ बघू."

आजवर सांगितलेलं एकही काम तिने केलेलं नाही. तिने दांडी सोडली आणि माझ्याकडे बघून हसली.

मग सासूबाईंनी अलगद ओढून पाहिलं. मी समोरच्या झुबक्याला नाक लावून बसले. हलला. त्यांनी शेजारचा ओढला. त्याच्या पलीकडचा हलला. मी बोटांनी मधली माती सारली. ती होतीच केवढी, दोन बोटं. खाली करंगळीएवढं जाड, तपकिरी, दोरीसारखं मूळ एका दगडाखालून दुसऱ्या दगडाखाली गेलेलं होतं, आणि मध्ये मध्ये त्याला वर जाणारे कोंब. मी माती पुन्हा लोटली, हाताने दाबली, उघड्या पडलेल्या अंगावर पांघरूण घालावं तशी.

"घ्या," सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ही तर एकाच दोऱ्याची शिवण. वरून टाके वेगळे, खालून दोरा एक."

संध्याकाळपर्यंत आम्ही झुबके हलवून पाहिले. सव्वीस तरी एकमेकांना बांधलेले निघाले. उरलेल्या बारांचं काही सांगता येईना. मध्ये मोठे दगड होते आणि खणायला मनाई. म्हणजे अडतीसही नाहीत. तेरा? पाच? का सगळा उतार मिळून एकच झाड, एका जागी अंकुरलेलं आणि खडकाखालून हळूहळू सरकत, दरवर्षी थोडं इकडे थोडं तिकडे डोकं वर काढणारं?

आणि मग पोचट शेंगांचं आठवलं. या झाडाला स्वतःचाच पराग चालत नाही. भुंग्याने दुसऱ्या झाडाचा आणून दिला तर दाणा भरतो. एकवीस वर्षं भुंगे येत होते, फुलं उघडत होती, शेंगा धरत होत्या आणि दाणे नव्हते. दुसरं झाड नव्हतंच. भुंगा बिचारा एकाच घरात या खोलीतला निरोप त्या खोलीत देत होता.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. "चूक कळली ना? मग तोंड का पाडलंस?"

मी गोटीच्या मुठीतली माती झटकायला लागले. मोजणाऱ्याला निदान कुठून कुठपर्यंत एक, एवढं तरी माहीत पाहिजे. गेल्या वर्षी पाणी खात्याचा माणूस घरातली माणसं लिहायला आला होता. माझ्या नवऱ्याने सांगितलं, तीन. सासूबाई आतून ओरडल्या, चार लिहा. तो म्हणाला, चौथं कुठे आहे? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "हे काय समोर." त्याने बराच वेळ माझ्या पोटाकडे बघितलं आणि तीनच लिहिलं. दोघांचंही बरोबर होतं. मला स्वतःला विचारलं असतं तर मीही गोंधळले असते.

गुरुवारी सासूबाईंना एका नवरीचे कपडे तिच्या अंगावर घालून मापं पाहायची होती, म्हणून गोटीला कडेवर घेऊन मी कार्यालयात गेले. साहेब गोटीला घाबरतात. त्यांनी टेबलावरची शाईची दौत उचलून कपाटावर ठेवली आणि मग म्हणाले, "बोला."

मी सगळं सांगितलं. टाचण्या, खुर्ची, "हं". चूक सासूबाईंवर ढकलली नाही. मोजणी माझी होती.

साहेबांनी अहवाल पुढ्यात ओढला आणि मुखपृष्ठावरच्या फोटोवर बोट टेकवलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग आपण गेल्या वर्षी आनंद कशाचा केला?"

"दांड्यांचा," नकाशेवाला कोपऱ्यातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. बाई, तर खरा आकडा अडतीस. बरोबर? अडतीस लिहितो, हरकत आजच पाठवतो. जागा परत यादीत. चुकीची माफी माझ्या सहीने जाईल. संपलं."

इथे गप्प बसले असते तर खरंच संपलं असतं. पण एकदा न मोजता बोलल्याचं एवढं निस्तरत होते. दुसऱ्यांदा तेच करायचं?

"साहेब, अडतीसही नाहीत."

"मग?"

"अडतीसपेक्षा जास्त नाहीत, एवढं नक्की."

"आणि कमीत कमी?"

"कमीत कमी... एक."

गोटीने माझ्या पिशवीत हात घातला.

"एक," साहेब म्हणाले. "बाई, मी पाण्याच्या लोकांना लिहू, की एका झाडासाठी तुमची टाकी थांबवा? ते काय म्हणतील ठाऊक आहे? एकच आहे ना, मग उपटून कुंडीत लावा. आणि त्यांचं चूकही नाही! दोनशे म्हणालो तर म्हणतील भरपूर आहेत, काढा. एक म्हणालो तर म्हणतील एकच आहे, हलवा. मग राखायचं तरी किती असल्यावर?"

"ते कुंडीत जगणार नाही, साहेब. उताराएवढं आहे ते. खडकात गुंतलेलं."

"हे मला पटतं. पण नमुन्यात रकाना कसला आहे? संख्या. फक्त संख्या. त्यात 'खडकात गुंतलेलं' कुठे लिहू?" त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्ही बावन्न पत्ते पिसून माझ्यासमोर टाकलेत, आणि म्हणताय एक उचला."

नकाशेवाला उठून आला. "नकाशातही हीच पंचाईत. मी तिथे अडतीस ठिपके दिलेत. आता काय, एक मोठा डाग?"

तेवढ्यात आवाज आला.

अगदी बारीक. वाळूचा एक कण डबीत पडावा तसा. आम्ही तिघांनीही एकदम खाली बघितलं. गोटीने पिशवीतून कागदी पाकीट काढलं होतं, फाडलं होतं, शेंगा माझ्या ओढणीवर सांडल्या होत्या, आणि एक शेंग मुठीत घेऊन ती हात आपटत होती. खुळ्. खुळ्.

"तो आवाज कसला?" साहेब म्हणाले.

"शेंगेचा," मी म्हणाले. "साहेब, शेंग वाजतेय."

"खुळखुळा ना तो? वाजणारच."

"हा नाही वाजत. एकवीस वर्षं नाही वाजला. वहीत बघा."

नकाशेवाल्याने वही ओढली. पोचट, पोचट, पोचट. तो पानं उलटत गेला आणि साहेब, जे गोटीपासून नेहमी चार पावलं लांब राहतात, ते खुर्चीतून उठून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "बाळ," ते म्हणाले, "पुन्हा हलव बरं."

गोटीने त्यांच्याकडे बघितलं, विचार केला, आणि शेंग तोंडात घातली.

"अहो, काढा, काढा!" तिघांची एकच घाई. मी तिच्या गालात बोट घातलं. शेंग ओली होऊन बाहेर आली, आणि तिच्याबरोबर पहिल्यांदाच माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. खाली मधोमध, तांदळाच्या कणीएवढं. दात. मी एका हातात शेंग धरून, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात ठेवून तशीच बसले. आधी काय बघू, मला समजेना.

शेंग नकाशेवाल्याने रुमालाने पुसली आणि चाकूने उघडली. आत एक दाणा. तपकिरी, चकचकीत, मूत्रपिंडाच्या आकाराचा, टणक. त्याने बाकीच्या बेचाळीस शेंगाही उघडल्या. सगळ्या पोचट.

"म्हणजे दुसरं झाड आहे," मी म्हणाले. "कुठेतरी आहे. त्या बारा झुबक्यांतला एखादा वेगळा आहे. नाहीतर उताराच्या पलीकडे, जिथे आपण कधी बघितलंच नाही. भुंग्याला माहीत आहे, आपल्याला नाही."

"ही शेंग कुठल्या झुबक्याची?"

"सगळ्या एकाच पाकिटात होत्या."

"बाई!" साहेब म्हणाले, पण ते हसत होते. मग ते टेबलाशी गेले, हरकतीचा नमुना पुढे ओढला, आणि कपाटावरच्या दौतीकडे हात नेला. हात तिथेच थांबला.

"म्हणजे आता, कमीत कमी दोन?"

"कमीत कमी दोन."

"जास्तही असतील."

"असतील. नसतीलही."

त्यांनी खण उघडला, खूप शोधाशोध केली, आणि नकाशेवाल्याकडे हात पसरला. "जरा पेन्सिल द्या."

नकाशेवाल्याने ती दोन्ही हातांनी दिली, एखादं मानपत्र द्यावं तशी.

साहेबांनी रकान्यात पेन्सिलीने 'दोन' लिहिलं. खाली शाईने लिहिलं: गेल्या वर्षीची नोंद आमच्या चुकीने दांड्यांची झाली, झाडांची नव्हे. दुसऱ्या झाडाचा शोध चालू आहे. तोवर हा उतार खणता येणार नाही. मग सही केली, आणि मला म्हणाले, "यापुढे मोजायला दोघींनी जायचं. तुम्ही आणि तुमच्या सासूबाई. त्या निदान टाचण्या परत मोजून घेतात."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उतार यादीत परत. टाकी रस्त्यापलीकडे होणार, पण तिथे खडक जास्त, म्हणून दोन वर्षं उशिरा. तोवर आमच्या गल्लीला पाणी एकच तास. शेजारणींना हे कोणामुळे झालं ते अजून ठाऊक नाही, आणि नळाच्या रांगेत त्या पाणी खात्याला शिव्या द्यायला लागल्या की मी बादलीत डोकं घालते.

त्या गुरुवारी घरी पोहोचले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे ओठ न हलवता विचारलं, "किती निघाली शेवटी?"

"कमीत कमी दोन," मी म्हणाले.

त्यांनी टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. "झाडं?"

"झाडं. आणि दात एक."

"दात!" त्यांनी गोटीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, तिला खिडकीच्या उजेडात नेलं, बोटाने तिचा ओठ खाली केला आणि कितीतरी वेळ निरखत राहिल्या.

"एक कुठे," त्या म्हणाल्या, "शेजारी दुसरा येतोय बघ. का नाही येत? तू बघ गं, मला नीट दिसेना."

मीही वाकून बघितलं. मलाही सांगता येईना.